हा आवाज प्रभूचा की माझ्याच मनाचा?

आजचे वाचन: १ योहान ४:१; १ राजे १९:११-१३



आजच्या वचनात योहान मंडळीला सावध करतो. जे जे आत्मिक वाटतं ते लगेच स्वीकारू नका, आधी पारखून घ्या. पण पारखायचं कसं? युवकांच्या संगतीत मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. ही नोकरी सोडू का? या स्थळाला हो म्हणू का? प्रार्थनेत आलेला हा विचार प्रभूने दिला, की मला जे हवं होतं तेच मी ऐकलं? आज उपदेश करत नाही. एका माणसाचं आयुष्य सांगते, ज्याला हे पारखणं फार मोठी किंमत देऊन शिकावं लागलं.

इग्नेशियस लोयोला. जन्म १४९१, स्पेनमधल्या बास्क प्रांतातलं सरदार घराणं. तरुणपणी त्याला तलवार, दरबार आणि नावलौकिक यांचं वेड. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यात फ्रेंचांशी लढताना तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला. हाड वेडंवाकडं जुळलं, गुडघ्याखाली टेंगूळ राहिलं. उंच बूट घातल्यावर ते वाईट दिसेल म्हणून या गड्याने ते हाड, भूल न घेता, करवतीने कापून घेतलं! इतकी त्याला दिसण्याची हौस.

मग महिनोन् महिने अंथरूण. वेळ घालवायला शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या, पण घरात त्या नव्हत्याच. वहिनीने ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी आणून दिल्या. आता त्याच्या मनात दोन प्रकारची स्वप्नं चालायची. एकात तो एका थोर घरच्या स्त्रीची मर्जी जिंकायचा. तीन-तीन, चार-चार तास त्यातच जायचे. दुसऱ्यात तो अनवाणी यरुशलेमला निघायचा आणि संतांसारखं कठीण जीवन जगायचा. चालू असताना दोन्ही स्वप्नं गोडच लागायची. पण एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की पहिलं स्वप्न संपलं की मन कोरडं पडतं, उदास होतं; दुसरं संपल्यावरही आनंद मागे उरतो.

प्रियांनो, इथे थोडं थांबा. त्याला आकाशवाणी झाली नाही. त्याने फक्त विचार आला तेव्हा कसं वाटलं यावर न थांबता, विचार गेल्यावर मनात काय उरलं ते पाहिलं. पारखण्याचा पहिला धडा त्याला अंथरुणावर मिळाला तो असा.

पण हा धडा पुरेसा नव्हता. १५२२ मध्ये माँटसेराटच्या मठात रात्रभर प्रार्थना करून त्याने तलवार तिथेच वाहिली आणि जवळच्या मानरेसा गावात भिक्षेकऱ्यासारखा राहू लागला. तिथे त्याला हवेत सापासारखी एक सुंदर, चमचमती आकृती दिसायची. ती दिसली की फार बरं वाटायचं. म्हणजे ती देवाकडून? नाही! पुढे कार्डोनेर नदीच्या काठी प्रभूने त्याची समज उघडली. त्यानंतर जवळच्या क्रूसासमोर गुडघे टेकले असताना तीच आकृती पुन्हा आली, आणि क्रूसासमोर तिचं सौंदर्य फिकं पडलेलं त्याला दिसलं. ती शत्रूची आहे हे त्याने ओळखलं. सैतान प्रकाशदूताचं सोंग घेतो, असं पौलही करिंथकरांना सांगतो (२ करिंथ ११:१४). नुसतं छान वाटणं हा पुरावा नव्हे.

आणि नुसतं कठोर वाटणं हाही पुरावा नव्हे. त्याच मानरेसात जुन्या पापांची टोचणी त्याला सोडेना. तीच पापं तो परत परत कबूल करायचा, तरी काहीतरी राहिलं असं वाटत राहायचं. जीव द्यावा असा विचारही मनात यायचा. आठवडाभर त्याने अन्नपाणी सोडलं. शेवटी पापकबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूने खायला सांगितलं तेव्हा त्याने ऐकलं. हळूहळू त्याला दिसलं की ही टोचणी आपल्याला ख्रिस्ताकडे नेत नाही, निराशेकडे ढकलते आहे. आवाज धार्मिक होता, पण देवाचा नव्हता. पवित्र आत्मा पापाची जाणीव देतो ती क्षमेपर्यंत न्यायला. तुमच्यापैकी कुणी अशा अंधारात असेल तर एकट्याने लढू नका. आजच पाळकांशी, घरच्यांशी, डॉक्टरांशी बोला.

आता सगळ्यात कठीण परीक्षा. १५२३ मध्ये तो खरोखर यरुशलेमला पोहोचला. आयुष्यभर इथेच राहायचं, हीच देवाची इच्छा, अशी त्याची पक्की खात्री. पण तिथल्या फ्रान्सिस्कन प्रमुखांनी परवानगी नाकारली. यात्रेकरू पकडले जात, मारले जात. त्यांना सोडवण्याचा भार मठावर पडे. ऐकलं नाही तर चर्चमधून बहिष्कृत करण्याचा अधिकारही त्यांच्याकडे होता. इग्नेशियसने वाद वाढवला नाही. आपण इथे राहावं अशी प्रभूची इच्छा नाही, हे त्याने त्या नकारातून मान्य केलं आणि परतीच्या जहाजात बसला. जिथे जायची ओढ देवानेच दिली होती, तिथून परत!

मग काय? तिशी ओलांडलेला हा सरदार बार्सेलोनात लॅटिन व्याकरण शिकायला बसला. गंमत बघा, क्रियापदं पाठ करायला बसलं की मनात एकदम उच्च आत्मिक विचार यायचे. प्रार्थनेच्या वेळी मात्र ते तितके येत नसत! त्याने ओळखलं की हा अभ्यासातून उठवण्याचा डाव आहे. तो गुरूंकडे गेला, सगळं सांगितलं आणि वर्ग न चुकवण्याचं वचन दिलं. परीक्षेच्या आदल्या रात्री ज्यांना अचानक चार तास प्रार्थना करावीशी वाटते, त्यांनी हे लिहून ठेवा!

पुढे पॅरिसमध्ये पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेविअर हे त्याच्या खोलीतले सोबती झाले. १५३४ मध्ये सात मित्रांनी यरुशलेमला जायची शपथ घेतली, पण या वेळी एक अट जोडून: जमलं नाही तर पोप जिथे पाठवतील तिथे जाऊ. युद्धामुळे जहाज मिळालंच नाही. दुसऱ्यांदा दार बंद. ते रोमला गेले आणि १५४० मध्ये येशूसंघाला मान्यता मिळाली. त्याच वर्षी भारतात जायला नेमलेला सोबती आजारी पडला, म्हणून ऐन वेळी झेविअर निघाला आणि १५४२ मध्ये गोव्यात उतरला. दोघा मित्रांची पुन्हा भेट झाली नाही. इग्नेशियस ३१ जुलै १५५६ रोजी रोममध्येच वारला, यरुशलेमपासून दूर. ते बंद दार नसतं तर यातलं किती घडलं असतं, मला माहीत नाही.

त्याने आपल्या अनुभवातून इतरांसाठी जे नियम लिहिले, त्यातले तीन मी माझ्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. मन खिन्न असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. मन उचंबळून आलं असताना घाईने शपथ घेऊ नये. आणि जो विचार लपवून ठेवावासा वाटतो, तो आधी एखाद्या अनुभवी विश्वासणाऱ्यापुढे उघडा करावा.

एलीयाला वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यात देव सापडला नाही, मंद वाणीत सापडला. ती वाणी घाई करत नाही. ती पारखली जायला घाबरत नाही. नाही ऐकूनही ती आपल्याला प्रभूजवळच ठेवते.

आज एवढंच करा. रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं फोन बाजूला ठेवा. दिवसभरातला एक विचार घ्या आणि प्रभूला विचारा: हा गेल्यावर माझ्यात काय उरलं?

प्रार्थना: प्रभू येशू, माझी मेंढरं माझी वाणी ओळखतात असं तू म्हणालास. मला ती ओळखायला शिकव. माझी इच्छा तुझ्या नावावर खपवण्यापासून मला राख. तू दार बंद करशील तेव्हाही तुझ्यावर भरवसा ठेवायला मला बळ दे. आमेन.