कवळाण्याचा गोपाळ आणि विश्वामित्रीकाठची बाग

रविवारची संध्याकाळ झाली की वसमतसारख्या गावात घरोघरी एकच प्रश्न निघतो. पोरांना न्यायचे कुठे? पाहुणे आले तर नांदेड गाठता येते, पण दर रविवारी नांदेड परवडत नाही. नदीवर न्यावे, तर उन्हाळ्यात नुसती वाळू आणि पावसाळ्यात भीती. हळदीच्या मोंढ्यात माणसांची गर्दी असते, पण ती उभ्या उभ्या सौदा करणाऱ्यांची. दिवसभराच्या कामाने वाकलेल्या म्हाताऱ्याला, सुनेने हळूच तासभर बाहेर धाडलेल्या आजीला, अभ्यासाच्या नावाखाली घराबाहेर पडलेल्या पोराला काही विकत न घेता निवांत बसता येईल अशी जागा बाजाराच्या गावात फार थोडी असते. दुकानाची पायरी असते, पण गिऱ्हाईक आले की उठावे लागते. देऊळ असते, पण तिथल्या पायरीचाही एक इतिहास आहे आणि तो सगळ्यांना सारखा आठवत नाही.

नगरपालिकेत बागेचा विषय निघाला की आधी नळ बघा, रस्ते बघा, बाग ही श्रीमंतांची चैन, असे म्हणणारे हमखास भेटतात. त्यांचे अगदीच चुकते असे नाही. पण नळ, शाळा, बाग आणि पुस्तकालय ही एकाच कामाची अंगे आहेत असे मानून साठेक वर्षे राज्य करणारा एक मराठी राजा होऊन गेला. त्याची गोष्ट पाहायला गुजरातेत, बडोद्याला जावे लागते. माणूस मात्र आपल्याच बाजूचा, आणि तोही खेड्यातला.

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचे गाव आहे. तिथल्या काशीराव गायकवाडांच्या घरी मार्च १८६३ मध्ये गोपाळ जन्मला. घराणे नावाला बडोद्याच्या राजघराण्याची दूरची पाती, पण राहणी शेतकऱ्याची. पोराला शेत माहीत, गुरे माहीत. अक्षरओळख म्हणाल तर नव्हतीच. तिकडे बडोद्यात १८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून उतरवले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घेण्याची मुभा दिली. वारसाचा शोध घेत माणसे कवळाण्यापर्यंत आली. भावांबरोबर गोपाळही बडोद्याला गेला. कशाला आलास, असे विचारल्यावर बाकीची पोरे गोंधळली आणि हा मात्र राज्य करायला आलो असे सांगून मोकळा झाला, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, २७ मे १८७५ रोजी बारा वर्षांचा गोपाळ सयाजीराव झाला आणि राजवाड्यात बसून मुळाक्षरे गिरवू लागला.

एलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाने त्यांना सहा वर्षे शिकवले. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी या भाषा, हिशेब, इतिहास, शिवाय घोडा आणि तालीम. उशिरा शिकायला बसलेल्या माणसाला शिक्षणाची जी भूक लागते ती महाराजांना जन्मभर पुरली.

आता बागेकडे वळू. विश्वामित्री नदीच्या काठावर कमाटी बाग उभी राहिली ती १८७९ साली. तिचे सगळे श्रेय आपण सवयीने सयाजीरावांना देतो. खरे तर त्या वेळी महाराज सोळा वर्षांचे होते आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती होता. गादीचे पूर्ण अधिकार महाराजांना मिळाले ते २८ डिसेंबर १८८१ रोजी. तेव्हा बाग त्यांना वारशात मिळाली म्हणा हवे तर. पण वारशात मिळालेल्या बागा राजे लोक काय करतात ते आपल्याला ठाऊक आहे. भिंत घालतात, पहारेकरी बसवतात. सयाजीरावांनी उलटे केले. ११३ एकरांच्या त्या जागेत ते आयुष्यभर काही ना काही भर घालत राहिले आणि जे घातले ते लोकांसाठी.

झाडे, हिरवळ, प्राण्यांचे संग्रहालय हे झालेच. पण १८८७ पासून महाराज युरोपच्या वाऱ्या करू लागले. परदेशातून परतताना त्यांच्या डोक्यात नेहमी काहीतरी असे. इथे याच बागेत वस्तुसंग्रहालयाची देखणी इमारत उठत होती. चिझम नावाच्या वास्तुविशारदाने तिचे काम पुरे केले आणि १८९४ साली संग्रहालय उघडले. पुढे त्याच्या शेजारी चित्रसंग्रहालय आले. त्यासाठी युरोपात घेतलेली चित्रे पहिल्या महायुद्धामुळे अडकून पडली, म्हणून ते दालन खुले व्हायला १९२१ साल उजाडले. नदीवर फिरायला निघालेल्या कुटुंबाने वाघ बघता बघता मूर्ती आणि चित्रेही बघावीत, ही कल्पना मला फार आवडते. संग्रहालय बघायला म्हणून कोण मुद्दाम घर सोडतो? बागेत आलेला माणूस मात्र ऊन चुकवायला आत शिरतो.

झाडांसाठी त्यांनी १८९३ साली एक जर्मन माळी आणला, क्रुम्बिगल नावाचा. लंडनच्या क्यू उद्यानात शिकलेला हा माणूस बडोद्यात चौदा-पंधरा वर्षे रमला आणि मग म्हैसूर संस्थानात गेला. बंगलोरच्या लालबागेची जी कीर्ती आहे तिच्यात त्याचा मोठा वाटा आहे.

याच काळात महाराजांनी स्वतःसाठी लक्ष्मी विलास राजवाडा बांधून घेतला आणि त्याच्याभोवतीची जमीन कमाटी बागेच्या कितीतरी पट मोठी होती, हेही सांगितले पाहिजे. राजा तो राजाच.

पण बागेच्या जोडीला काय काय चालले होते ते पाहावे. अधिकार हाती आल्यावर लवकरच अस्पृश्य मुलांसाठी शाळा निघाल्या. १८९२ मध्ये आजव्याच्या सयाजी सरोवराचे पाणी शहरात आले. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो सबंध राज्याला लागू झाला. तालमी आणि आखाड्यांना राजाश्रय होताच. महाराज स्वतः कुस्तीचे शौकीन. आणि १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून त्यांनी पुस्तकालयांची चळवळ उभी केली. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्यापाड्यांत फिरू लागली. ज्या गावाला स्वतःचे पुस्तकालय हवे असेल त्याने आधी काही रक्कम जमवायची, मग तेवढीच भर सरकार घाली आणि तेवढीच प्रांत पंचायत. फुकट दिलेल्या गोष्टीची गावाला किंमत राहत नाही, हे या खेड्यातल्या मुलाला पक्के कळले होते. आमच्या लहान गावांत बागेचे लोखंडी पाळणे दोन वर्षांत का मोडतात, याचे निम्मे उत्तर इथे आहे असे मला वाटते. उरलेले निम्मे ठेकेदाराकडे.

आणि मग सप्टेंबर १९१७ मधली ती घटना घडते.

ज्या हुशार तरुणाला सयाजीरावांनी शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला, कोलंबिया विद्यापीठात धाडले होते, ते भीमराव आंबेडकर करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला आले. राज्याच्या कचेरीत त्यांना अधिकाराची जागा मिळाली, शहरात राहायला जागा मिळेना. अस्पृश्य म्हणून हिंदूंच्या खाणावळीचे दार बंद. शेवटी त्यांनी पारशी नाव घेऊन एका पारशी उतारूघरात मुक्काम केला. राहण्यासाठी सरकारी बंगला मिळावा म्हणून अर्ज केला होता, तो कारभाराच्या चाकात फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव जिन्यावर आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याची ताकीद देऊन गेला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांकडे विचारून पाहिले. दोघांनाही ते जमण्यासारखे नव्हते. रात्री मुंबईची गाडी होती. तोवरचे तास काढायचे कुठे?

ते कमाटी बागेत जाऊन बसले. आईवडिलांच्या आठवणीने डोळे भरून येत होते. रात्री आठ वाजता उठले, सामान उचलले आणि गाडी गाठली. पुढे त्यांनी हा सारा प्रसंग इंग्रजीत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवला.

सयाजीरावांच्या चरित्रात हा प्रसंग कुठे ठेवावा, याचा गोंधळ होतो. काही जण तो गाळतात, काही जण त्याचे खापर महाराजांवर फोडतात. मला त्यात दोन्ही गोष्टी दिसतात. राजाने हुकूम काढले, शाळा काढल्या, शिष्यवृत्ती दिली, पण शिकून आलेल्या त्या माणसाला आपल्याच राजधानीत एक खोली मिळवून देणे त्याच्या कारभाराला साधले नाही. शहर हुकमाने बदलत नाही. आणि त्याच शहरात जात न विचारणारी अशी एकच जागा त्या संध्याकाळी उरली होती, नदीकाठची बाग. तिथे कोणी नाव विचारले नाही, कोणी उठवले नाही.

बाग ही चैन आहे का, याचे उत्तर त्या दिवशी ज्याला खोली नव्हती त्याला विचारावे.

महाराजांचे पुढचे आयुष्य बाहेरून भव्य आणि आतून उदास होते. पहिली पत्नी चिमणाबाई १८८५ मध्येच गेल्या होत्या. त्यांचा मुलगा फत्तेसिंहराव १९०८ मध्ये गेला. मग शिवाजीराव १९१९ मध्ये आणि जयसिंहराव १९२३ मध्ये. तीन कर्ती मुले बापाच्या डोळ्यांदेखत गेली. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे रीतीप्रमाणे वाकले नाहीत म्हणून इंग्रजांचा रोष पत्करला तो वेगळाच. तरी प्रवास, पाहणी आणि नव्या योजना थांबल्या नाहीत. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचा देह पडला. गादी नातवाकडे, प्रतापसिंहरावांकडे गेली आणि दहाएक वर्षांनी संस्थानच विलीन झाले.

बाग राहिली. नाव आता सयाजी बाग, पण जुने बडोदेकर कमाटी बागच म्हणतात. विश्वामित्री तिच्यामधून वाहते, आणि त्या नदीत मगरी आहेत. पूर आला की पाणी बागेत शिरते आणि मगरी शहरात. ऑगस्ट २०२४ मध्येही शहराने ते पाहिले. पाणी ओसरले की लोक पुन्हा फिरायला येतात. ज्या झाडाखाली तो तरुण बसला होता त्या जागेला संकल्प भूमी म्हणतात. दर वर्षी २३ सप्टेंबरला तिथे दूरदूरहून माणसे येतात, पोराबाळांसकट, डबे घेऊन, आणि दिवस कलेपर्यंत झाडाखाली बसून राहतात.