पहिला नांगर विकायला दोन वर्षे : लक्ष्मणराव किर्लोस्कर

दसऱ्याला आपल्या डिंडोलीत नव्या गाड्यांना झेंडूच्या माळा चढतात. त्यांत एखादी इनोव्हा असेल तर तिच्या कागदांवर कंपनीचे नाव टोयोटा किर्लोस्कर असे दिसेल. जपानी नावाशेजारचे हे किर्लोस्कर आपलेच. १९९७ साली ही मोटार कंपनी उभी राहिली, तेव्हा तिच्यामागे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पणतू होते. लक्ष्मणरावांनी स्वतः मोटार कधी बनवली नाही. त्यांनी विकल्या त्या सायकली आणि लोखंडी नांगर, तेही ज्यांनी तोवर कसलेच यंत्र विकत घेतले नव्हते अशा लोकांना. आपल्या समाजातील जी तरुण मंडळी आज शोरूममध्ये किंवा ट्रॅक्टरच्या एजन्सीत उभी राहून गिऱ्हाईक करतात, त्यांनी हे चरित्र जरूर वाचावे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव भागातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. घरात वातावरण वेदान्ताचे, पण या मुलाचे मन चित्रांत आणि यंत्रांत. वडिलांची नाराजी पत्करून, थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. तेथे कळले की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार होण्याचे स्वप्न तिथेच संपले. मात्र यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. ते शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

नोकरी सांभाळून बंधूंच्या साथीने धंदा सुरू झाला. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान निघाले. त्या काळी सायकल ही साहेबाची आणि श्रीमंताची चैन होती. आजच्या मोटारीइतकाच तिचा रुबाब, आणि धास्तीही तेवढीच. चार लोकांसमोर पडलो तर काय, हा प्रश्न पैशापेक्षा मोठा. किर्लोस्कर बंधू सायकल विकत, दुरुस्त करत आणि चालवायलाही शिकवत. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या धंद्याचे बीज या शिकवण्यात आहे. ज्याला वस्तू वापरता येत नाही, तो ती घेणार कशाला? पुढे बढतीच्या वेळी हक्काची जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा लक्ष्मणरावांनी मुंबईची नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले.

तेथे त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर. नांगराची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरची मुळे खानदेशच्या शेतात आहेत. लाकडी नांगर जमीन उकरतो, लोखंडी नांगर ती खोलवर उलटी करतो. हरळी आणि कुंदा मुळासकट वर काढायचा तर लोखंडी नांगरच हवा. इतका उघड फायदा असूनही तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष पसरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

ही गोष्ट सांगताना अडाणी शेतकरी आणि शहाणा कारखानदार अशी मांडणी अनेकजण करतात. मला ती पटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करी, रोख पैसा लागत नसे. लोखंडी नांगराला आधी रोख मोजायची, तो ओढायला जास्त ताकदीचे बैल हवेत, आणि ऐन पेरणीच्या तोंडावर फाळ तुटला तर जायचे कोणाकडे? विषाची समजूत चुकीची होती, पण भीती खरी होती. साऱ्या वर्षाचे पीक पणाला लागलेले असताना तो माणूस सावध राहिला, एवढेच. आज कर्ज काढून पहिला टेम्पो घेणारा आपला माणूसही हप्त्याआधी विचारतो, स्पेअर पार्ट कुठे मिळेल आणि मेकॅनिक कोण? इंग्लंडहून येणाऱ्या नांगरांपुढे किर्लोस्करांची जमेची बाजू हीच होती. त्यांचा कारखाना याच मुलखातला, आणि करणारा माणूस शेतकऱ्याच्याच भाषेत बोलणारा.

बेळगावची जागा नगरपालिकेच्या अडचणीमुळे सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळरान जमीन दिली. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. कारखान्याबरोबर कामगारांची वस्तीही वसवली गेली. तेथे अस्पृश्यता पाळायची नाही हा दंडक होता, आणि तुरुंग भोगून आलेल्यांनाही पहारेकऱ्याचे काम विश्वासाने दिले गेले. पहिल्या महायुद्धात परदेशी माल थांबला आणि मागणी वाढली, पण लोखंडच मिळेना. तेव्हा कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवून त्यांचे नांगर झाले!

१९२० साली एक वेगळेच काम सुरू झाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव चित्रकार होते आणि जाहिरातीचे काम पाहत. त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे मासिक काढले. कारखान्यात काय तयार होते ते गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना कळावे, हा मूळ हेतू. पण नुसती मालाची यादी महिन्यामागून महिना कोण वाचणार? मासिकात उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा, गोष्टी असे सगळे येऊ लागले. नांगर न घेणारेही ते वाचू लागले. १९२९ पासून ते नुसते ‘किर्लोस्कर’ झाले, पुढच्या वर्षी ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. कारखान्याच्या जाहिरातीतून मराठी घरांना तीन मासिके मिळाली. वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी ती लहानपणी घरात पाहिली असतील.

नांगरानंतर उसाचे चरक आले, पाण्याचे पंप आले, इंजिने आली. धंद्याची सूत्रे हळूहळू शंतनुरावांकडे गेली. अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकून ते १९२६ मध्ये परतले होते. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. जिथे पहिले सायकलचे दुकान होते, त्या बेळगावच्या रस्त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात. कुंडल रोड स्टेशनवरची पाटीही बदलली आहे. तेथे आता किर्लोस्करवाडी असे लिहिलेले असते.