कर्मवीर भाऊराव आणि माउली लक्ष्मीबाई

भगिनींनो, स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हाच मी मनाशी ठरविले की, लिहायचे तर कर्मवीर भाऊराव पाटलांविषयी. माझे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंत. त्यामुळे ज्यांनी गोरगरिबांच्या मुलांना शाळेची वाट दाखविली, त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. कोल्हापुरास शिकत असताना शिवाशीव मोडल्याबद्दल त्यांना वसतिगृह सोडावे लागले, पण त्यांनी माघार घेतली नाही. मॅट्रिकपर्यंतही त्यांचे शिक्षण पोहोचले नाही. पुढे साताऱ्यास शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे नांगर खपविण्यासाठी गावोगाव हिंडले. त्या हिंडण्यात त्यांना खेड्यातील अज्ञान डोळ्यांनी दिसले. 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली ती साताऱ्यास आणली.

साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत. 1927 साली महात्मा गांधींनी त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले. त्या काळी ही केवढी धाडसाची गोष्ट होती! लोकांनी नावे ठेवली, पण भाऊराव डगमगले नाहीत.

आता आपण बायकांनी विचारावयाचा प्रश्न असा की, भाऊराव देणग्यांसाठी गावोगाव फिरत असताना मागे मुलांच्या जेवणाचे कोण पाहत होते? त्या होत्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईने सगळ्या जातींची मुले पोटच्या मुलांसारखी मानली. पैसा संपला की एकेक दागिना मोडला जाई. असे करता करता एके दिवशी घरात धान्य उरले नाही आणि भाऊरावही गावी नव्हते. तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र देऊन मुलांच्या भाकरीची सोय केली. सौभाग्याचे लेणे उतरविताना त्या माउलीला काय वाटले असेल, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

मंगळसूत्राची गोष्ट सगळेच सांगतात. मला मात्र वाटते, त्याहून कठीण ते रोजचे होते. दागिना एकदाच उतरतो. पण परक्या लेकरांची भूक आणि आजारपण रोज उजाडताच दारात उभे असते. ते त्यांनी वर्षानुवर्षे हसतमुखाने केले. 1930 साली त्या वारल्या. संस्थेचा पुढचा विस्तार पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

भाऊरावांनी दुःख गिळून काम चालूच ठेवले. पण मुलांना आयते खाऊ घालायचे नाही, हा त्यांचा कटाक्ष होता. मुले शेतात राबत, स्वयंपाक करीत, इमारतींसाठी दगडमाती वाहत आणि शिकत. मुलांनाही घाम गाळावा लागला, म्हणून त्या विद्येची त्यांना किंमत कळली. 1947 साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, 1954 साली कऱ्हाडला गाडगे महाराजांच्या नावाचे कॉलेज झाले. खेड्यापाड्यांतून शाळा तर किती निघाल्या! 1959 साली भाऊरावांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांनी देह ठेवला. संस्थेचा वटवृक्ष अजून वाढतो आहे. सोलापूरच्या महिला महाविद्यालयाला लक्ष्मीबाईंचे नाव आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

भगिनींनो, मंगळसूत्र द्यायला आज कोणी सांगत नाही. पण हळदीकुंकवाच्या वाणातली एखादी वस्तू कमी करून त्या पैशांत एका गरजू मुलीची वह्यापुस्तके घेता येतील. आणि आपल्या मुलांना मात्र थोडे काम करू द्यावे. ताट उचलण्यापासून सुरुवात केली तरी चालेल. वडीलधाऱ्यांनी झीज सोसावी आणि मुलांनी चिकाटी धरावी, म्हणजे शिक्षण फळाला येते. लक्ष्मीबाईंच्या संसाराने मला तरी हेच शिकविले.