डायलिसिसवर चार वर्षं काढलेले जेपी : मशीनवर जगणाऱ्या माणसाने देशाचं राजकारण कसं फिरवलं?

डायलिसिसचा विषय निघाला की आपल्याकडे लोक आवाज खाली करून बोलायला लागतात. चाकण एमआयडीसीतला तिशीतला ऑपरेटर असो किंवा निगडीतले रिटायर झालेले काका, डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला की पहिला प्रश्न येतो, आता किती दिवस? दुसरा प्रश्न पैशांचा. तिसरा प्रश्न सहसा कुणी मोठ्याने विचारत नाही, तो म्हणजे मी आता घरच्यांवर ओझं होणार का?

नोव्हेंबर १९७५ मध्ये मुंबईच्या जसलोक हॉस्पिटलमध्ये एक ७३ वर्षांचा पेशंट असाच या वळणावर येऊन थांबला होता. बायको अडीच वर्षांपूर्वी गेलेली. मूलबाळ नाही. आणि नुकताच सरकारच्या कैदेतून सुटलेला. नाव, जयप्रकाश नारायण.

जेपी म्हटलं की आपल्याला आणीबाणी आठवते, संपूर्ण क्रांती आठवते. पण आणीबाणीनंतरचं त्यांचं सगळं राजकारण डायलिसिसच्या वेळापत्रकात बसवलेलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

नाशिकच्या तुरुंगातून सुरू झालेलं राजकारण

जेपींचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ चा, बिहारमधल्या सिताबदियारा गावचा. १९२० मध्ये प्रभावतीदेवींशी लग्न झालं. दोनच वर्षांत ते शिकायला अमेरिकेला गेले आणि सात वर्षं तिथेच राहिले. खर्च भागवायला त्यांनी शेतात, कारखान्यात, हॉटेलात मिळेल ते काम केलं. तिकडे प्रभावतीदेवी गांधीजींच्या आश्रमात राहत होत्या. तिथे त्यांनी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. परत आल्यावर जेपींनी ते मान्य केलं आणि आयुष्यभर पाळलं.

महाराष्ट्राशी त्यांचं नातं जुळलं ते तुरुंगात. १९३२ च्या सविनय कायदेभंगात त्यांना पकडून नाशिकच्या जेलमध्ये ठेवलं. तिथे अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता अशी मंडळी भेटली. कोठडीतल्या या चर्चांमधूनच १९३४ मध्ये काँग्रेस सोशालिस्ट पार्टी उभी राहिली.

१९४२ च्या दिवाळीच्या रात्री ते हजारीबाग जेलची भिंत ओलांडून पळाले आणि भूमिगत झाले. स्वातंत्र्यानंतर मंत्रिपदाच्या मागे लागले नाहीत. १९५४ मध्ये विनोबांच्या भूदान चळवळीला त्यांनी स्वतःला वाहून घेतलं. १९६५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एप्रिल १९७३ मध्ये प्रभावतीदेवी कॅन्सरने गेल्या. जेपींना आधीपासून मधुमेह होता, वय सत्तरीच्या पुढे. घरी बसून राहिले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण १९७४ मध्ये बिहारमधली पोरं रस्त्यावर आली, नेतृत्व करा म्हणाली आणि हे निघाले. ५ जून १९७४ ला पाटण्याच्या गांधी मैदानात त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. वर्षभराने, २५ जून १९७५ च्या रात्री, देशात आणीबाणी लागली आणि २६ च्या पहाटे दिल्लीतून जेपींना अटक झाली.

चंदीगडमध्ये काय घडलं?

१ जुलैपासून जेपी चंदीगडच्या पीजीआय हॉस्पिटलमध्ये होते. म्हणायला हॉस्पिटल, पण भेटीगाठी बंद. एकटेपण इतकं होतं की त्यांनी डायरी लिहायला घेतली. आपल्या सांगण्यावरून देश हललाय आणि त्यातून हे काय निष्पन्न झालं, ही खंत त्या पानांवर दिसते. ही डायरी पुढे १९७७ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने छापली.

शरद ऋतू सरता सरता तब्येत ढासळली. अंगावर सूज यायला लागली, जेवण जाईना. चंदीगडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी एम. जी. देवसहायम यांनी हा माणूस कैदेत दगावला तर काय होईल, याची जाणीव दिल्लीला करून दिली. १२ नोव्हेंबरला जेपी पॅरोलवर सुटले. आधी दिल्ली, मग मुंबईचं जसलोक. तिथे डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली निदान पक्कं झालं. दोन्ही किडन्या निकामी, आणि आता बऱ्या होणार नाहीत.

कैदेत मुद्दाम दुर्लक्ष झालं का, हा संशय तेव्हाही घेतला गेला, आजही घेतला जातो. वैद्यकीय बाजूने एवढं सांगता येतं की वर्षानुवर्षांचा मधुमेह किडनी हळूहळू पोखरतो आणि बराच काळ त्याचा पत्ताही लागत नाही. लक्षणं दिसतात तेव्हा किडनीचं बहुतेक काम आधीच थांबलेलं असतं.

डायलिसिस म्हणजे नेमकं काय होतं?

किडनीचं काम रक्त गाळण्याचं. नको असलेली द्रव्यं आणि जादा पाणी लघवीवाटे बाहेर टाकायचं. ती थांबली की हे काम मशीन करतं. एका सुईतून रक्त बाहेर येतं, डायलायझर नावाच्या नळकांड्यातल्या केसासारख्या बारीक नळ्यांमधून फिरतं आणि दुसऱ्या सुईतून परत शरीरात जातं. साधारण चार तास लागतात. आठवड्यातून तीन वेळा करणं योग्य मानलं जातं, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दोनदाच होतं.

हे मशीन नेदरलँड्सच्या विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत बनवलं. पण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागायची, त्यामुळे ते मोजक्या दिवसांपुरतंच उपयोगी होतं. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची बसवता येणारी नळी तयार केली आणि त्यांचा पहिला पेशंट क्लाइड शील्ड्स त्यानंतर ११ वर्षं जगला. म्हणजे जेपी आजारी पडले तेव्हा कायमस्वरूपी डायलिसिस ही जगातच जेमतेम १५ वर्षांची गोष्ट होती. भारतात तर ती मोजक्या मोठ्या हॉस्पिटलांपुरतीच होती.

पैशांचं काय केलं?

जेपींकडे संपत्ती नव्हती. मुंबईत कायम राहायचं नसेल तर पाटण्याच्या घरी बसवता येईल असं मशीन हवं होतं आणि ते महाग होतं. चाहत्यांनी निधी गोळा करायला घेतला. लोकांनी अगदी एकेक रुपयासुद्धा दिला. आणीबाणी चालू होती, जेपींना पैसे देणं म्हणजे सरकारच्या नजरेत येणं, तरीही दिला.

यात एक वळण आलं. पंतप्रधान इंदिरा गांधींनी पंतप्रधान मदत निधीतून ९० हजार रुपये पाठवले. जेपींनी ते परत केले. गरजेपुरते पैसे लोकांकडून जमले होते. ज्यांनी आपल्याला कैदेत टाकलं त्यांच्याकडून मदत घ्यायची नाही, असा हिशोब त्यात नव्हताच असं म्हणता येणार नाही. पण सामान्य माणसाने पोटाला चिमटा काढून दिलेल्या पैशांवर आपण जगतोय, याचा मान ठेवणंही त्यात होतं. मदत मागण्याची लाज वाटणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. इतका स्वाभिमानी माणूस, पण लोकांची मदत त्याने मोकळेपणाने घेतली.

मशीन घरी, नेता मैदानात

पाटण्याला गेल्यावर डायलिसिस कदमकुआँतल्या घरी सुरू झालं. दर दोन-तीन दिवसांनी काही तास मशीनपाशी, मधल्या वेळात माणसांच्या भेटी, पत्रं, बैठका. विरोधी पक्षांनी एकत्र यावं यासाठी मुंबईत असतानाच त्यांनी जोर लावला होता.

१८ जानेवारी १९७७ ला निवडणुका जाहीर झाल्या. जेपींनी जनता पक्षाला पाठिंबा दिला आणि प्रचाराला निघाले. ६ फेब्रुवारीला दिल्लीच्या रामलीला मैदानात ते बोलले तेव्हा समोर प्रचंड गर्दी होती. डायलिसिसवरच्या माणसाला प्रवासाची मर्यादा असते. पुढची पाळी चुकली तर शरीरात पाणी साचतं, पोटॅशियम वाढतं, हृदय बंद पडू शकतं. म्हणजे सभा कुठे घ्यायची हे ठरवताना पुढचं डायलिसिस कुठे, हेही ठरवायला लागायचं. मार्चमध्ये काँग्रेस हरली. २४ मार्चला राजघाटावर जनता पक्षाच्या खासदारांना शपथ देताना जेपी हजर होते. त्याच वर्षी उपचारांसाठी ते सिएटललाही जाऊन आले.

सगळंच काही जमलं नाही

इथे गोष्ट संपवली तर ती खोटी ठरेल. डायलिसिसने जेपी जगले, बरे झाले नाहीत. थकवा कायमचा होता. जनता पक्षातले नेते आपसात भांडू लागले तेव्हा दिल्लीत ठाण मांडून बसण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. मार्च १९७९ मध्ये ते पुन्हा जसलोकमध्ये असताना त्यांच्या निधनाची चुकीची बातमी थेट संसदेत सांगितली गेली. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी श्रद्धांजली वाहिली आणि जेपी मात्र जिवंत होते. जुलैत जनता सरकार कोसळलं, तेही त्यांनी पाहिलं. ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात ते गेले. ७७ वा वाढदिवस तीन दिवसांवर होता. १९९९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आला.

किडन्या गेल्यापासून जवळपास चार वर्षं ते जगले. सत्तरी ओलांडलेला, मधुमेही, १९७० च्या दशकातलं तंत्रज्ञान.

मग आज तयारी करायची तर काय करायचं?

जेपींना तयारीला वेळच मिळाला नाही. आज बऱ्याच पेशंटना काही महिने आधी कल्पना येते. तो वेळ वाया घालवू नका.

पहिली गोष्ट फिस्टुला. मनगटाजवळ किंवा कोपरापाशी धमनी आणि शीर जोडायचं हे छोटं ऑपरेशन असतं. ती शीर जाड व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात. म्हणून ऑपरेशन आधीच करून घ्यावं, नाहीतर घाईघाईत मानेत नळी घालावी लागते आणि संसर्गाचा धोका वाढतो. त्या हातावर बीपी मोजू द्यायचा नाही, रक्त काढू द्यायचं नाही, सलाइन लावू द्यायचं नाही. हिपॅटायटिस बीच्या लसीबद्दलही आत्ताच विचारा.

दुसरी, खाणंपिणं. पाणी मोजून प्यावं लागतं. दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवलं की अंदाज राहतो. शहाळं, केळी, संत्री यांत पोटॅशियम भरपूर. उपवासाचे बटाटे, शेंगदाणे, खजूर यांतही. त्यामुळे एकादशी धरण्याआधी डॉक्टरांशी बोला. लोणचं, पापड, फरसाण कमी. आणि लो-सोडियम मीठ आपल्या मनाने आणू नका, त्यात बहुधा पोटॅशियमच असतं.

तिसरी, नोकरी. पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये शिफ्टचं गणित सगळ्यांत अवघड. सेंटरमध्ये सकाळची की रात्रीची पाळी मिळते ते आधी पाहा, मग सुपरवायझरशी बोला. डायलिसिसच्या दिवशी ओव्हरटाइम धरू नका. गावाला किंवा वारीत जायचं असेल तर तिथल्या सेंटरमध्ये आधी नंबर लावावा लागतो.

चौथी, पैसे. ईएसआय कापला जात असेल तर चिंचवडच्या मोहननगरमधल्या ईएसआयसी हॉस्पिटलात आधी चौकशी करा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. पिंपरीच्या वायसीएम हॉस्पिटलमध्येही विचारा. सरकारी जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस देण्याचा केंद्राचा कार्यक्रम २०१६ पासून आहे.

पाचवी, पर्याय. पोटातून घरीच करायचं डायलिसिस असतं, प्रत्यारोपण असतं. वय फार झालेलं असेल, इतर आजार गंभीर असतील तर डायलिसिस न करता फक्त त्रास कमी ठेवायचा, हाही डॉक्टरांशी बोलून घेता येणारा निर्णय आहे. तो पेशंटचा आहे, नातेवाइकांचा नाही.

आणि ओझ्याचा प्रश्न. तो मनात ठेवला की वाढतो. पहिल्या काही आठवड्यांत चिडचिड, रडू, झोप न लागणं हे होतं. सेंटरमध्ये शेजारच्या खुर्चीवर पाच-सात वर्षं डायलिसिस घेणारा कुणीतरी बसलेला असतो. सुरू करण्याआधी एकदा तिथे जाऊन त्याच्याशी बोला, सुई किती दुखते इथपासून सगळं विचारा. बरोबर घरातलं एक माणूस न्या. पुढच्या ओपीडीत डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्या दोघांच्या बोलण्यातूनच निघतील, ते कागदावर लिहून घ्या.