समुद्राच्या पोटातला उलटा प्रवाह

असोदा माझे गाव. समुद्र इथून फार लांब. तरी लहानपणी तापीच्या काठावर गेलो, की हे पाणी खंभातच्या आखातात जाऊन पुढे काय करते, असा प्रश्न पडे. समुद्रात मिसळते, एवढेच उत्तर मिळे. मिसळते म्हणजे कसे, हे मला उमगले एका इटालियन सरदाराच्या चरित्रात.

लुइजी मार्सिली १६५८ साली बोलोन्यात जन्मला. एकविसाव्या वर्षी तो व्हेनिसच्या वकिलाबरोबर इस्तंबूलला गेला. बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत काळ्या समुद्राचे पाणी दक्षिणेकडे धावताना सर्वांनाच दिसे. खाली मात्र प्रवाह उलटा वाहतो, हे तिथल्या कोळ्यांना ठाऊक होते. मार्सिलीने ते हसण्यावारी नेले नाही. बुचाचे पांढरे तुकडे बांधलेली दोरी त्याने पाण्यात सोडली. वरचे तुकडे दक्षिणेकडे ओढले गेले, खोलवरचे उत्तरेकडे!

कारणही त्याने शोधले. भूमध्य समुद्राचे पाणी अधिक खारट, म्हणून जड. काळ्या समुद्राचे नद्यांमुळे हलके. मध्ये पडदा घातलेल्या पेटीत एकीकडे खारे व दुसरीकडे गोडे पाणी भरून त्याने पडद्याची वरची-खालची भोके उघडली. जड पाणी खालून गेले, हलके वरून आले. १६८१ साली रोममध्ये त्याने हे प्रसिद्ध केले.

पुढचे आयुष्य मात्र खडतर. १६८३ मध्ये तो शत्रूच्या हाती सापडला, गुलाम म्हणून विकला गेला. सुटून पुन्हा सैन्यात चढला. पण १७०३ मध्ये ब्रायझाखचा किल्ला पडल्यावर त्याची तलवार मोडून त्याला बडतर्फ केले. कपाळावर असा डाग बसल्यावर दुसरा कुणी खचला असता. हा समुद्राकडे वळला, बोलोन्यात विज्ञानसंस्था उभारली आणि १७२५ मध्ये समुद्रावरचा ग्रंथ छापला. १७३० साली तो गेला.

इराणच्या आखाताचे खारे, जड पाणीही होर्मुझमधून खालून अरबी समुद्रात उतरते आणि वरून हलके पाणी आत शिरते. गोव्याच्या दोना पावला येथील, १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आज या समुद्राचा अभ्यास चालतो. उपकरणे बदलली, तत्त्व तेच.

मला मात्र ते कोळी आठवत राहतात. त्यांची नावे कुठेच नाहीत. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंच्या या गावात तरी, अडाण्याचे बोलणे ऐकून घेणारा हा सरदार परका वाटत नाही.