चेहरा वाचणारे सर्जन : सर चार्ल्स बेल

चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळते, एक डोळा मिटत नाही, तोंड एका बाजूला ओढले जाते. चेहऱ्याच्या अशा अचानक येणाऱ्या लकव्याला ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात. हे नाव ज्यांच्यावरून पडले ते चार्ल्स बेल सर्जन होते आणि उत्तम चित्रकारही.

त्यांचा जन्म १७७४ मध्ये एडिंबरा येथे झाला. थोरले भाऊ जॉन यांच्याकडे ते शरीररचनाशास्त्र शिकले. १८०४ मध्ये ते लंडनला आले. हसताना, रडताना, रागावताना चेहऱ्याचे कोणते स्नायू हलतात, हे चित्रकारांना समजावणारा त्यांचा सचित्र ग्रंथ १८०६ मध्ये निघाला. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईनंतर त्यांनी ब्रुसेल्सला जाऊन जखमींवर शस्त्रक्रिया केल्या.

१८२१ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. गाढवाच्या चेहऱ्याचा एक मज्जातंतू कापल्यावर हालचाल थांबली, स्पर्श मात्र कळत राहिला. त्या काळी चेहऱ्यातल्या असह्य कळांवर उपाय म्हणून काही सर्जन हाच मज्जातंतू कापत. कळा तशाच राहत आणि चेहरा लुळा पडे, तो वेगळाच. १८३१ मध्ये बेल यांना ‘सर’ हा किताब मिळाला. पुढे ते एडिंबरा विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८४२ मध्ये त्यांचे निधन झाले.

चेहऱ्याचा प्रत्येक भाव म्हणजे लहान लहान स्नायूंचा मेळ, हे बेल यांनी दाखवले. लकव्यातून बरे होताना नेमके हेच विसरले जाते. बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. पण मज्जातंतूला जास्त इजा झाली असेल, तर त्याचे नवे धागे वाढताना भलत्याच स्नायूत शिरतात. मग काही महिन्यांनी हसायला जावे तर डोळा मिटतो, डोळा मिटावा तर ओठ ओढला जातो.

म्हणून फुगे फुगवणे, च्युइंगम चघळणे, जोर लावून तोंड वेडेवाकडे करणे टाळावे. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आरशासमोर एका वेळी एकच हालचाल करावी. हळू आणि छोटी. ओठ हलवताना डोळा बारीक होऊ लागला, की तिथेच थांबावे. पहिल्या ७२ तासांत डॉक्टरांनी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी हा धोका कमी होतो. न मिटणारा डोळा थेंब आणि मलम घालून जपावा. सोबत हात-पाय लुळे पडले किंवा बोलणे अडखळले, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.