कोलंबिया की लंडन? बाबासाहेबांची निवड

आपल्या समाजातील मुले-मुली आता परदेशी शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात तेव्हा घरात एक प्रश्न हमखास निघतो. अमेरिका की इंग्लंड? इंग्लंडात एम.ए. वर्षभरात होते, अमेरिकेत बहुधा दोन वर्षे लागतात. मग रँकिंगचे तक्ते उघडले जातात, ओळखीपाळखीच्यांना फोन होतात, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी बाबासाहेबांचे नाव घेतले जाते. ते कोलंबियात शिकले म्हणून कोलंबिया, आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले म्हणून लंडन. ही दोन विद्यापीठे त्यांच्या वाट्याला कशी आली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

पहिली निवड त्यांची एकट्याची नव्हतीच. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. काही दिवसांतच वडिलांच्या आजारपणाची बातमी आली आणि २ फेब्रुवारीला सुभेदार रामजी गेले. त्या काळात श्रीमंत सयाजीराव गायकवाड काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवत होते. त्यात भीमरावांची निवड झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. त्या वेळच्या शिकलेल्या वर्गाची वाट विलायतेची होती. बाबासाहेब मात्र जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला उतरले ते या कराराने.

पण एकदा दार उघडल्यावर आत काय घ्यायचे, हे त्यांनीच ठरवले. कोलंबियात त्यांनी नुसते अर्थशास्त्र घेतले नाही. इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा विषयांचे वर्ग त्यांनी केले. सार्वजनिक वित्ताचे एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्युई, इतिहासकार जेम्स हार्वे रॉबिन्सन हे तिथले शिक्षक. एका विषयाची पदवी घ्यायला गेलेला विद्यार्थी इतक्या वर्गांत जाऊन बसू शकतो, ही अमेरिकन पद्धतीची सोय होती आणि त्यांनी ती पुरेपूर वापरली. म्हणूनच अर्थशास्त्राच्या या विद्यार्थ्याने ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. वसतिगृहात इतरांच्या पंक्तीला बसून जेवता येत होते, आणि नवल भथेना या पारशी मित्राची जन्मभराची मैत्री तिथेच जडली. साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसवलेल्या मुलासाठी हेही शिक्षणच होते.

१९१५ मध्ये एम.ए. झाले, पुढे पीएच.डी.चा प्रबंधही लिहून झाला. आता खरी निवड समोर आली. शिष्यवृत्ती एका वर्षाने वाढवून मिळाली होती. न्यूयॉर्कमध्ये राहायचे, की लंडन गाठायचे? त्यांनी लंडन निवडले. माझ्या मते यामागे दोन गोष्टी होत्या. त्यांचा विषय हिंदुस्थानचे अर्थकारण, आणि त्याचे सरकारी कागद होते लंडनच्या इंडिया ऑफिसात. दुसरे म्हणजे बॅरिस्टरी. नोकरीत साहेबाची आणि सहकाऱ्यांची मर्जी लागते, वकिलीत माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो. अस्पृश्य म्हणून जन्मलेल्याला याची किंमत सांगावी लागत नव्हती.

प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांच्या नावे सेलिग्मन यांचे शिफारसपत्र होते. १९१६ च्या अखेरीस लंडन स्कूल आणि ग्रेज इन, दोन्हीकडे नाव दाखल झाले. पण वर्ष सरले, पैसा संपला आणि १९१७ मध्ये परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी हातात होती. महायुद्ध चालू होते. पुस्तकांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणतीराने बुडाली. बडोद्यात करार पाळायला गेले, तर तिथे राहायला खोली मिळेना. पारशी सराईतून त्यांना बाहेर काढले गेले, ती हकिगत आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे.

दुसऱ्या वेळी कोणी पाठवले नाही. सिडनेहॅम कॉलेजात १९१८ पासून प्राध्यापकी करताना साडेचारशे रुपये पगारातून शिल्लक टाकली, भथेनांकडून पाच हजार कर्ज घेतले, छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. मागे रमाई संसार ओढत होत्या. त्या हिशेबात त्यांचे नाव पहिले घालायला हवे, पण चरित्रांत ते बहुधा एका ओळीत उरकले जाते. लंडनमध्ये अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवस काढले. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टरी. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध मात्र परीक्षकांनी बदलून मागितला. पैसे संपल्याने १९२३ च्या एप्रिलात ते मुंबईला आले, इथेच दुरुस्त्या करून प्रबंध पाठवला आणि त्याच वर्षी पदवी मिळाली. प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, सगळी मते पटत नसतानाही.

आणि कोलंबियाची पीएच.डी.? तिथे प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय पदवी देत नसत, आणि छापायला पैसे नव्हते. प्रांतिक वित्तावरचे ते पुस्तक १९२५ मध्ये निघाले, सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह, सयाजीरावांना अर्पण केलेले. पदवी मिळाली १९२७ मध्ये. न्यूयॉर्कला पाऊल ठेवल्यापासून चौदा वर्षांनी. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ते महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन आले होते.

पुढे १९५२ च्या जूनमध्ये कोलंबियाने त्यांना सन्माननीय एलएल.डी. दिली. ती घ्यायला ते स्वतः न्यूयॉर्कला गेले, प्रकृती ठीक नसताना.